तुंब्यातल्या सहा नळ्या

माझा स्वभाव तापट. मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट नकोत. चांदा जिल्ह्यात चोवीस वर्षं मी देवी टोचायचं काम केलं. लोक मला देवीडॉक्टर म्हणत. डॉक्टर कसला, मी सातवी पास. पण त्या नावाने कुणी हाक मारली की मान आपोआप ताठ व्हायची. नुसतं सोमाजी म्हणणाऱ्याला मी जागेवरून ओ द्यायचो आणि देवीडॉक्टर म्हणणाऱ्याच्या अंगणात बाज टाकून बसायचो.

तेव्हा माझ्याजवळ दोन वस्तू अशा होत्या की त्या मी दुसऱ्याला हात लावू देत नसे. एक सरकारी थर्मास. दुसरा पितळेचा डबा, फिरकीच्या झाकणाचा. मार्कंड्याच्या जत्रेत भंडाऱ्याकडचे भांडीवाले येत, त्यांच्याकडून घेतला होता आणि तिथेच बसून त्यावर नाव कोरून घेतलं होतं, ‘सो. गुरनुले’. रोज संध्याकाळी मी तो चिंचेने घासायचो. बायको म्हणायची, माझ्या गळ्यातलं डोरलं तरी कधी असं घासून दिलं का? मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

लशीबद्दल एवढंच सांगतो. ती काचेच्या नळीत यायची. नळी दाभणाएवढी जाड, दोन्ही टोकांना बंद, एका नळीत एका लेकराचं काम. आतली लस जिवंत असते. थंडीत जगते, उन्हात मरते. खरी पंचाईत ही की मेलेली लस आणि जिवंत लस डोळ्याला सारखीच दिसते. टोचल्यावर आठव्या दिवशी दंडावर फोड आला तर लस लागली. दंड कोरा राहिला तर आपण नुसतं लेकराला रडवून आलो.

एकावन्न सालचा वैशाख होता. दवाखान्याच्या पडवीत एक गोंडीण येऊन बसली. वय पन्नाशीच्या पुढे, चेहऱ्यावर देवीचे जुने व्रण, कमरेला पाण्याचा तुंबा बांधलेला. नाव सुकरी. नऊ कोस चालत आली होती.

“भाऊ, पल्याडच्या गावात माता आली. आमच्या टोल्यावरच्या घरांत एकाही लेकराले टोचलं नाई. तू चाल.”

“लस नाही,” मी म्हणालो. “मंगळवारी चांद्याहून मोटारीने येईल. आज रविवार आहे.”

“मंग मंगळवारी जाऊ,” ती म्हणाली आणि समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली.

दोन दिवस ती तिथून हलली नाही. येता-जाता ती दिसायची आणि मला उगाच राग यायचा. काम सांगायला येऊन कुणी असं डोळ्यांसमोर बसून राहिलं की मला माझंच आळशीपण दिसतं. मंगळवारी मोटार आली. बर्फात ठेवलेल्या अडतीस नळ्या मिळाल्या. मी त्या थर्मासमध्ये बर्फासकट भरल्या, आणि तिच्यापुढे नेऊन थर्मास हलवून दाखवला, जसा काही बर्फ मीच बनवला होता.

बुधवारी तांबडं फुटायला आम्ही निघालो. ती परतली नाही म्हणून सुकरीचा धाकटा भाऊ इसरू बैलबंडी घेऊन आला होता. बंडीत भाताची तणस पसरलेली, तिच्यावर माझी पेटी, पेटीवर मी. सकाळची हवा बरी होती. मोहाची पानं नवी फुटली होती, कुठे कुठे तांबूस दिसत होती. इसरू बैलांशी गोंडीत बोलत होता. मला वाटलं, आजचा दिवस सुखाचा जाणार.

दिवस कासराभर वर आला तेव्हा नाल्याचा उतार लागला. बंडीचं चाक दगडावरून घसरलं, बंडी एका अंगाला झुकली, मी सुकरीच्या अंगावर आणि थर्मास खाली दगडावर. आतली काच फुटल्याचा आवाज मी आजही ऐकतो. इसरूवर मी इतका ओरडलो की बैल दचकले. तो बिचारा चाकाला खांदा लावून बंडी सरळ करत राहिला.

सुकरी मात्र वाळूवर वाकून नळ्या वेचत होती. काचेच्या भुग्यातून एकेक नळी उचलून पदरावर ठेवत होती. अडतीसच्या अडतीस शाबूत निघाल्या. बर्फाचे बोराएवढे चार खडे उरले होते.

“परत जाऊ या,” मी म्हणालो.

“परत गेलं त लस आता कवा येईन?” तिने विचारलं.

“पुढच्या मंगळवारी.”

“माता तवर थांबते का?”

मग मला डबा आठवला. पेटीतून काढला, हातात घेतला, आणि मला एकदम हायसं वाटलं. पितळ किती गार लागत होतं! मी तो सुकरीच्या हाताला लावला. “पाहा, बाई, किती थंडा हाय. आणि आता तुझ्या तुंब्याले हात लाव.”

तिने लावला. तुंबा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, आतून कोरलेला. हाताला तो ना गार लागतो ना गरम.

“आता सांग, नळ्या कशात ठेवायच्या?”

“तुंब्यात,” ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. नाल्याच्या वाळूत पाझरणाऱ्या झिऱ्याचं पाणी डब्यात घेतलं, बर्फाचे चारही खडे त्यात टाकले, नळ्या चिंधीत बांधून आत सोडल्या आणि झाकण फिरवलं. सुकरी बघत राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, “मले सहा दे.”

“कशाला?”

“दे ना, भाऊ. बाकीच्या तुया डब्यात ऱ्हाऊ दे.”

नऊ कोस चालून आलेली बाई, दोन दिवस निंबाखाली बसलेली. नाही कसं म्हणणार? मी सहा दिल्या. तिने बोटभर जाडीचं बांबूचं कांडं तोडलं, नळ्या त्यात घातल्या, कमरेच्या गाठीतलं मेण काढून तोंड बंद केलं. तुंब्यात झिऱ्याचं ताजं पाणी भरलं, कांडं आत सोडलं, पळसाच्या पानांचं बूच मारलं. आणि मग तिने जे केलं ते पाहून मला हसू आवरेना. तो तुंबा तिने बंडीतल्या तणशीत खोल पुरला आणि वरून घोंगडं टाकलं.

“अगं बाई, थंडीच्या दिवसांत आपण तणशीत कशाला झोपतो? ऊब येते म्हणून! आणि तू थंडी राखायला तणस घालून राह्यली? वरून घोंगडं?”

“तुया डबा तू पाह्य,” ती शांतपणे म्हणाली.

मी पाहिलाच. वारा लागावा म्हणून डबा पेटीवर उघड्यावर ठेवला, आणि घसरू नये म्हणून वरून हात धरून बसलो. वारा लागत होता, पण वैशाखातला. दुपारी रान भाजून निघालं. मधेच डबा हाताला चटका देऊ लागला तेव्हा मी हात काढून धोतराचा सोगा मधे घेतला. वरून तापला तरी आत बर्फ आहे, असं मनाशी म्हणालो. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याच्याइतका हुशार कुणी नसतो.

दुपार कलताना टोल्यावर पोचलो. पंधरा-वीस घरं, मधे मोठं अंगण. सुकरीच्या घरातून दहा वर्षांची एक पोर धावत आली आणि तिच्या कमरेला बिलगली. ही बुधरी, तिची नात. आईबाप तेंदूची पानं तोडायला रानात गेले होते. पोर काळीसावळी, गाल तुकतुकीत, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. माझ्या डब्यात आपलं तोंड पाहून ती हसत सुटली.

अंगणात लेकरं जमवायला सुकरी गेली. मी घरामागे जाऊन डबा उघडला. आतलं पाणी अंघोळीला काढावं तसं ऊन झालं होतं. बर्फाचा तर मागमूस नव्हता. मी घाईघाईने ते पाणी काट्यांच्या कुंपणाशी ओतून दिलं. कुणी पाहिलं नाही. आता मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण अंगणात सगळा टोला जमला होता, देवीडॉक्टर आला म्हणून बाज टाकली होती, आणि मी सकाळपासून एका बाईला हसत आलो होतो. मी म्हटलं, ऊन झालं म्हणजे मेलीच असं थोडंच आहे?

सुकरीने तुंबा आणला. कांडं काढून माझ्या हातावर ठेवलं. ते गार होतं. सकाळच्या झिऱ्याइतकं नव्हे, पण गार. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

“ह्या सहा अंगावर पिणाऱ्या लेकरांले,” ती म्हणाली.

अशी पाच लेकरं होती. ती झाली. सहावी नळी उरली तेव्हा बुधरी बाही वर सारून पुढे आली. सुकरीने तिला हलकेच मागे ओढलं आणि शेजारच्या घरातलं आई नसलेलं दोन वर्षांचं पोर माझ्यापुढे धरलं.

“याले लाव. बुधरी मोठी हाय, तिले तुया डब्यातली लाव.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोललो नाही. त्या पोराला तुंब्यातली लस लावली, आणि मग बुधरीच्या दंडावर डब्यातली. ती रडली नाही. उलट म्हणाली, “झालं? एवढंसंच?” त्यानंतर बाकीची एकतीस लेकरं.

काम संपल्यावर मी रजिस्टर काढलं. नाव, वय, आणि शेवटचा रकाना, लस लागली की नाही. हा रकाना आठव्या दिवशी परत येऊन भरायचा असतो. पण नऊ कोस परत कोण येतो? मी तो टोचल्या दिवशीच भरून मोकळा व्हायचो. सगळ्यांपुढे ‘लागली’. सुकरी माझ्या शेजारी बसून पाहत होती.

“काय लिहून राह्यला, भाऊ?”

“लस लागली म्हणून.”

“आजच समजते?”

मी रजिस्टर मिटलं. निघताना ती बंडीपर्यंत आली. “आठ दिसांनी ये,” एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मी डबा घासला नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का? मी तिच्यावर ओरडलो. जेवताना ते ऊन पाणी आठवायचं, निजताना ते गार कांडं आठवायचं. शेवटी आठव्या दिवशी सायकल काढली आणि निघालो. नोकरीत पहिल्यांदाच मी टोचलेला दंड पाहायला परत चाललो होतो.

टोल्यावरची लेकरं मला पाहून पळाली नाहीत, भोवती जमली. पहिलं अंगावरचं लेकरू पाहिलं, दंडावर टपोरा फोड. दुसरं, फोड. पाचही जणांना, आणि त्या आई नसलेल्या पोरालाही. मग बाकीचे दंड पाहायला लागलो. एक कोरा, दुसरा कोरा. एकतीस दंड पाहिले, एकावरही काही नव्हतं.

“बुधरी कुठी हाय?” मी विचारलं.

सुकरी दारात उभी होती. “आत हाय. तीन दिसांपासून ताप हाय तिले.”

आत जाऊन पाहिलं. ती पोर मला पाहून हसली, पण उठली नाही. तिचा दंडही कोरा होता. कपाळावर बारीक पुरळ दिसायला लागलं होतं आणि ते कशाचं हे मला सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

मी बाहेर आलो. अंगणात जे कोणी होते त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. पाणी ऊन झालं होतं, मला दिसलं होतं, मी ते ओतून टाकलं, आणि मेलेली लस तुमच्या लेकरांना टोचली. सांगताना मला रडू फुटलं. चाळीस वर्षांचा बाप्या माणूस बाजेवर बसून रडतो आहे, असा तो देखावा होता. इसरू उठून बंडीकडे गेला. वाटलं, आता काठी घेऊन येतो. त्याने बैल जुंपले आणि म्हणाला, “चाल. नवी लस आणू.”

सुकरी चुलीवरची आंबील ढवळत राहिली. मला तिच्या शिव्या हव्या होत्या. शेवटी मीच म्हणालो, “बाई, पण पितळ थंडं लागत होतं ना. तुया हातालेही लावून पाह्यलं होतं.”

“थंडं काऊन लागते?” तिने मान वर न करता विचारलं. “तुया हातातली गरमी ते वढून घेते म्हणून. जे तुयाजवळून घेते ते उन्हाजवळून नाई घेणार?”

तिच्या हातात तुंबा चिरून केलेली पळी होती. ती तिने उकळत्या आंबिलीतून काढून दांड्याने माझ्या हातात दिली. दांडा पोळला नाही. “पितळीची पळी अशी धरशीन का?”

“आणि तणस?” मी विचारलं. इतक्यानेही माझी खोड गेली नव्हती. “तणशीत त ऊब येते.”

“तणस काई देत नाई, भाऊ. जे हाय ते राखते. हिवाळ्यात तुयी ऊब राखते, वैशाखात पाण्याची थंडाई राखते. ते कोनाची बाजू घेत नाई.”

इतकं बोलून ती आंबिलीची वाटी घेऊन बुधरीजवळ गेली. एवढं सगळं तिला नाल्यावरच ठाऊक होतं. तिने मला तेव्हाच का सांगितलं नाही? सांगितलं होतं, एका शब्दात. मी कपाळावर हात मारला होता.

त्याच पावली मी इसरूबरोबर परतलो. चांद्याला तार केली. मंगळवारची वाट न पाहता लस शुक्रवारी हातात पडली, आणि या वेळी ती तुंब्यात, पाण्यात, तणशीत आणि घोंगड्याखाली गेली. इसरू सोडून कुणालाही मी त्या घोंगड्याला हात लावू दिला नाही. एकतीस लेकरांना पुन्हा टोचलं. आठ दिवस तिथेच राहिलो, इसरूच्या पडवीत. आठव्या दिवशी एकतीस फोड मोजले. टोल्यावर दुसऱ्या कुणाला देवी आल्या नाहीत.

बुधरी एकवीस दिवस गावाबाहेरच्या झोपडीत होती. सुकरीला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून तिला भीती नव्हती. ती तिच्याजवळ बसून राहिली. पोर वाचली, डोळेही शाबूत राहिले. पण ते तुकतुकीत गाल गेले. ती झोपडीतून बाहेर आली त्या दिवशी मी मुद्दाम टोल्यावर गेलो होतो. तिने आजीकडे आरसा मागितला. घरात आरसा नव्हता. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “भाऊ, तुया तो डबा कुठी हाय?” मी सांगितलं, घरी राहिला. तो माझ्या पेटीतच होता.

रजिस्टरात बत्तीस नावांपुढचं ‘लागली’ खोडून ‘लागली नाही, चूक माझी’ असं लिहिलं. वरून मेमो आला, बढती तीन वर्षं लांबली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. डबा बायकोने सुईदोऱ्याला घेतला. मी पुन्हा कधी घासला नाही.

सुकरी पंचावन्न साली गेली. इसरूने निरोप पाठवला होता, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

एकोणसाठ साली माझ्याकडे दुसरा भाग आला होता. एका गावात झाडाखाली बसून टोचत होतो. बायका रांगेत होत्या. एक तरुण बाई कडेवर सहा महिन्यांचं लेकरू घेऊन पुढे आली आणि समोर उभी राहिली. गालांवर, कपाळावर व्रण. मी लगेच ओळखलं. तिनेही ओळखलं होतं. लेकराचा दंड तिने उघडा केला नाही.

“भाऊ,” बुधरीने विचारलं, “दवाई कशात आणली?”

मी मागे उभ्या बंडीतली तणस बाजूला सारली, घोंगड्यातून तुंबा काढून तिच्यापुढे धरला. तिने त्याला हात लावला नाही. तुंब्याला हात लावून काही कळत नाही हे तिला आजीने शिकवलं असणार. बूच काढून तिने आतलं बांबूचं कांडं बाहेर घेतलं आणि आपल्या व्रणांच्या गालाला लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग तिने कांडं माझ्या हातात दिलं आणि लेकराची बाही वर सारली.

“लाव,” ती म्हणाली. “आठ दिसांनी येशीन ना पाह्यला?”

“येतो,” मी म्हणालो.

आठव्या दिवशी गेलो. रकाना तोवर कोराच ठेवला होता.